तारेचे आठ वेढे

तारकाकांना खरं नाव विचारलं तर ते क्षणभर थांबतात. एकतीस वर्षं पोलादाची तार ओढणाऱ्या या माणसाला कारखान्यात दुसरं नाव उरलेलं नाही. घरी बायकोही याच नावाने हाक मारते, फक्त जरा वरच्या पट्टीत.

काम सांगायला सोपं आहे. करंगळीएवढी जाड सळई लहान भोकाच्या डायमधून, म्हणजे कठीण धातूच्या साच्यातून ओढायची, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. पोलाद तापवायचं नाही, थंडच ओढायचं. दर खेपेला तार बारीक होते, लांब होते आणि हट्टीही होते. ताकद वाढते, वाकायची तयारी कमी होते. ठरलेल्या खेपा झाल्या की तिला भट्टीत नरम करावं लागतं. भट्टी बाकी असलेल्या कॉइलवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर, पत्र्याचा लाल बिल्ला लटकतो. भट्टीवाला तो काढतो आणि कॉइल आत घालतो.

माल निघण्यापूर्वी काका प्रत्येक कॉइलचा एक तुकडा घेतात आणि तो त्याच तारेभोवती घट्ट गुंडाळतात. आठ वेढे. तुटला नाही तर माल पास. नव्या मॅनेजरला हे रिकामटेकडं काम वाटायचं. ताकद मोजायचं यंत्र आता आलेलं होतं. महिनाअखेरीला वेढे बंद, असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं.

त्या मंगळवारी चार वाजता सायकलच्या बास्केटसाठी सात कॉइल निघायच्या होत्या. एकीचा आकडा यंत्रावर सगळ्यांत वर गेला. मॅनेजर खूश झाले. काकांनी तिचा तुकडा गुंडाळला. तिसऱ्या वेढ्याला तो कट्‌कन तुटला. दुसरा तुकडा चौथ्याला.

सगळ्यांत मजबूत तारेला नापास करणारी परीक्षाच काय कामाची, असं मॅनेजरनी विचारलं.

"साहेब, गिऱ्हाईक ही तार ओढणार नाही," काका म्हणाले. "वाकवणार आहे."

प्रकरण प्रयोगशाळेत गेलं. तार खराब निघाली तर वेढे राहतील, नाहीतर आजपासूनच बंद, असं ठरलं. अडचण एवढीच की प्रयोगशाळेत काकांची सून बसते. घरी ती त्यांना बाबा म्हणते. कारखान्यात ते तिला मॅडम म्हणतात. घरचा निकाल नको, असं मॅनेजरनी आडून सुचवलं.

"मग सर, तुम्हीच बघा ना," ती म्हणाली.

तिने चांगल्या कॉइलचा आणि या कॉइलचा असे दोन नमुने आरशासारखे घासले, आम्लात बुडवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या तारेतले पोलादाचे कण फरशीच्या तुकड्यांसारखे होते, सगळीकडून सारखे. या तारेतले कण मात्र एकाच दिशेला विंचरलेल्या केसांसारखे लांबच लांब होते. भट्टीच्या उष्णतेत असे ओढलेले कण जाऊन नवे तयार होतात. इथे ते झालेच नव्हते. म्हणून आकडा मोठा आणि तार ठिसूळ. कॉइल भट्टीत गेलीच नव्हती.

मॅनेजर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, बिल्ला कुणी काढला? भट्टीवाल्याने कानावर हात ठेवले. कॉइल बिनबिल्ल्याचीच आली, म्हणून भट्टी झालेली समजून त्याने ती पुढे पाठवली होती.

काका टेबलाच्या पायाकडे बघत होते. आदल्या आठवड्यात सुनेने जेवताना कुरकुर केली होती की टेबल डुगडुगतं आणि भिंगातलं चित्र हलतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाता जाता काकांनी एका कॉइलवरचं हाताला लागलं ते काढून टेबलाच्या पायाखाली सरकवलं. नवा बिल्ला नंतर लावू म्हणाले आणि विसरले.

"मॅडम, तो पाय जरा उचला," ते म्हणाले. "खाली माझा बिल्ला आहे."

सगळ्यांत आधी हसले ते मॅनेजर.

सहा कॉइल चारला निघाल्या. सातवी भट्टीतून आणि आठ वेढ्यांतून जाऊन दुसऱ्या दिवशी गेली. वेढे राहिले. बिल्ले आता तारेने बांधतात, आणि टेबलाखाली पुठ्ठा आहे. मॅनेजर अधूनमधून येऊन स्वतः एखादा तुकडा गुंडाळून बघतात. पाचव्या वेढ्याला तार त्यांच्या हातातून सुटते. काका शेजारी उभे राहून मोजतात आणि पुन्हा एकपासून सुरू करायला लावतात.