किंवा ते सांगतील त्यांच्या नावे

गफूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, एका अर्धवट इमारतीच्या पायथ्याशी ठेकेदाराशी भांडत होतो. फोन त्यांच्या मुलाचा होता. "अप्पा, अब्बा गुजर गये." एवढंच. मी "कधी?" विचारलं, त्यानं वेळ सांगितली, आणि मी फोन ठेवून ठेकेदाराला पुढची शिवी द्यायला वळलो, तर शिवीच आठवेना. खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. लातूरच्या एका बाईपासून मी एक गोष्ट लपवली होती. तिच्या घराबद्दलची. मी ती लपवली हे माझ्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आता बोलणार नव्हता. पण ठेकेदार निघून गेला, मी सिमेंटच्या पोत्यावर बसलो, आणि हळूहळू उमगायला लागलं. तो बोलणार नाही, म्हणजे आता मलाच बोलावं लागणार होतं.

गफूरभाई दस्तलेखक होते. लातूरच्या रजिस्ट्री कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल. माणूस कंजूष, खवचट, चहा नेहमी दुसऱ्याच्या पैशानं पिणारा. अक्षर मात्र असं, की साहेबलोक दस्त हातात घेऊन आधी अक्षर बघायचे. मी बिलोली तालुक्यातल्या खेड्यातून आलेला. मोंढ्यात पोती उचलली, मग आडतीवर मुनीम झालो, मग प्लॉटच्या दलालीत शिरलो. पहिल्यांदा त्यांच्यापुढे बसलो तेव्हा चष्म्यावरून बघून म्हणाले, "मियाँ, बोटं हमालाची आणि नजर सावकाराची. काय लिवू?"

माझा धंदा काय होता ते सरळ सांगतो, कारण त्याबद्दल लोक मागं काहीबाही बोलतात. मी घरं विकत घेत नसे. घर घेण्याचा कागद घेत असे, आणि तो कागद विकत असे. विकणाऱ्याला थोडा इसार द्यायचा, तीन महिन्यांची मुदत घ्यायची, आणि इसारपावतीत एक ओळ घालून घ्यायची: "खरेदीखत लिहून घेणार यांच्या नावे, किंवा ते सांगतील त्यांच्या नावे करून देईन." मुदतीच्या आत जास्त भावाचं गिऱ्हाईक आणायचं, त्याचं नाव सांगायचं, मधला फरक आपला. यात चोरी नाही. गिऱ्हाईक शोधायला पायताणं झिजतात, आणि गिऱ्हाईक नाही मिळालं तर इसार बुडतो. पण ती ओळ विकणाऱ्याला कळली पाहिजे, असं गफूरभाईंचं म्हणणं. नुसती ऐकून नव्हे. ते पूर्ण कागद मोठ्यानं वाचायचे आणि मग टाक खाली ठेवून विकणाऱ्याला म्हणायचे, "आता तुम्ही सांगा, काय लिवलंय?" माणूस अडखळला की पुन्हा वाचायचे. एकेका कागदाला दुपार जायची. मी चिडायचो. "भाई, तुम्ही कागद लिवता का शाळा घेता?" तरी दुसरीकडे जायचो नाही, कारण गफूरभाईंनी वदवून घेतलेल्या कागदावर मागून कुणी भांडत नसे, आणि असा कागद बाजारात चढ्या भावानं जायचा. दहातली आठ माणसं सगळं समजूनही सही करायची. त्यांना त्यांचा भाव मिळाला म्हणजे झालं.

मग भूकंप झाला. आम्ही लातुरात वाचलो. किल्लारीकडं काय झालं ते मी लिहिणार नाही. तिकडं भाकऱ्यांची गाठोडी घेऊन ट्रकमधून गेलो होतो, आणि माळवदाच्या मातीखालून काय काय निघतं ते पाहिलं. त्यानंतर मला छपराखाली जाववेना. दिवसासुद्धा. कुणाच्याही घरी गेलो की उंबऱ्यावर उभा राहायचो, एक पाय बाहेर, डोळे वर छताकडं. बोलणं तिथूनच. आणि एक दिवस लक्षात आलं, की मी असा उभा राहिलो की समोरचा भाव उतरवतो. मी भिंतीकडं बघायचो, तो माझ्याकडं बघायचा, मग तोही भिंतीकडं बघायचा. "आत या की" म्हणायचा, मी मान हलवायचो, आणि किंमत खाली. मी काही ठरवून केलं नव्हतं. भीती खरी होती. पण पुढं पुढं मी पाय मुद्दाम बाहेर ठेवायला लागलो, हेही खरं. गफूरभाईंनी ते एकदा पाहिलं. परतताना म्हणाले, "अप्पा, तुमचं भ्या खरं हाय. पण तुम्ही ते इकून राहिले."

त्याच दिवसांत मी कलावतीबाईंच्या घरी गेलो. विटांचं घर, वर स्लॅब, पुढं मोठं अंगण. दारावरून छतापर्यंत एक भेग गेलेली. नवराबायको दोघं भूकंपापासून अंगणात ताडपत्री टाकून झोपायची. मी ओळखीच्या एका इंजिनियरला सोबत नेलं होतं. त्यानं भेग खरवडली, हातोडीनं ठोकून पाहिली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "गिलावा फाटलाय नुसता. भिंतीला काही झालं नाही. अजून पन्नास वर्षं हलत नाही." नवऱ्यानं विचारलं, "साहेब काय म्हणले?" मी म्हणालो, "बघू म्हणले." मी खोटं बोललो नाही. मी फक्त बोललो नाही. नवरा तेव्हा विकायला तयार झाला नाही, पण मला घाई नव्हती. भिणारं माणूस आज ना उद्या विकतं. संध्याकाळी चहा पिताना हे सगळं मी गफूरभाईंना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना सांगितलं?" मी म्हणालो, "मी कशाला सांगू? मी इंजिनियर हाव का?" त्यांनी बशीत चहा ओतून घेतला.

तिसऱ्या हिवाळ्यात कलावतीबाईंचा नवरा गेला. छातीचा आजार होता, आणि बाहेरची थंडी. लोक म्हणाले, भूकंपानं एक माणूस उशिरा नेला. मीही तसंच म्हणालो.

पुढं लातुरात क्लासचे दिवस आले. देगलूर, बिलोली, माहूर, कुठून कुठून पोरं यायला लागली. ज्या गल्लीत गाढवं फिरायची तिथं खोलीखोलीत चार-चार कॉटा पडल्या. कलावतीबाई अंगणात पोरांसाठी मेस चालवायच्या, आणि झोपायच्या अजूनही ताडपत्रीखालीच. त्यांचं घर आता क्लासच्या ऐन पाठीमागं आलं होतं. एका हॉस्टेलवाल्यानं मला ती जागा मागितली, आगाऊ रक्कमही दिली. माणूस कमी बोलायचा. म्हणाला, "तारखेला कागद पायजे. कागद नसंल तर तुम्ही पायजेत." त्याच्या जीपमध्ये मागं कायम दोघं बसलेले असायचे. मी हसून मान हलवली, पण त्या दोघांकडं बघायचं टाळलं.

बाईंकडं गेलो, उंबऱ्यावर उभा राहिलो, वर बघितलं. त्या म्हणाल्या, "तुमालाबी दिसली ना भेग? पडायच्या आत घ्या बाबा." भाव त्यांनीच सांगितला. जागेच्या निम्मा. मी म्हणालो, "डागडुजी करून ऱ्हाईन म्हणतो." हे मात्र खोटं होतं.

गफूरभाईंनी कागद लिहिला, वाचला आणि विचारलं, "बाई, आता तुम्ही सांगा." त्या म्हणाल्या, "अप्पा घर घेणार, नीट करणार, लेकराबाळांना घेऊन ऱ्हाणार."

"असं नाय लिवलेलं. 'किंवा ते सांगतील त्यांच्या नावे.' म्हणजे अप्पा उद्या कुणाचंबी नाव सांगतील. हे ऱ्हाणार नाय. हे कागद इकतात."

बाई माझ्याकडं वळल्या. रागानं नव्हे, जरा कुतूहलानंच. "कुणाचं नाव सांगणार हाव, अप्पा? सांगा, मंग देते सही."

हे मला नंतर कितीदा तरी आठवलं. त्या सही द्यायला तयार होत्या. फक्त नाव पाहिजे होतं. पण नाव सांगितलं की भाव कळणार, आणि भाव कळला की… माझं डोकं फिरलं. मी स्टँपपेपर ओढला आणि टराटरा फाडला. शाईची बाटली गफूरभाईंच्या सदऱ्यावर गेली. "बुढ्ढ्या, माझ्या अन्नात माती कालवतोस?" असं काहीतरी ओरडलो. कचेरीतली माणसं बाहेर आली. गफूरभाई सदरा झटकत म्हणाले, "कागद तुम्ही फाडला, अप्पा. मी निस्ता वाचला."

तारखेच्या आदल्या दिवशी मी माहूरला पळालो. देवीच्या दर्शनाला आलेल्यांच्या गर्दीत, एका धर्मशाळेच्या ओसरीवर आठ-नऊ दिवस काढले. जीपचा हॉर्न वाजला की खांबाआड सरकायचो. परत आलो तेव्हा व्यवहार झालेला होता. हॉस्टेलवाल्यानं थेट बाईंकडून घेतलं, पुऱ्या भावानं, आणि कागद गफूरभाईंनीच लिहिलेला. मला कुणी हात लावला नाही. मी समजलो, वाचलो ते आपल्या नशिबानं, आणि सौदा गिळला तो गफूरनं. तेव्हापासून बोलणं बंद. रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या बाजूनं जायचो. आजही माझं म्हणणं आहे की त्यांनी मला आधी बाजूला घ्यायला हवं होतं. चार लोकांत नको होतं. हा राग माझा गेलेला नाही, आणि मेलेल्या माणसाबद्दल लिहितोय म्हणून तो गेला असं मी म्हणणार नाही.

कित्येक वर्षांनी, यंदाच त्यांनी निरोप धाडला. गेलो. पुढच्या खोलीत तक्क्याला टेकून बसले होते, अर्धे झालेले. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. ते म्हणाले, "इंजिनियरची बात तुम्ही बाईला कधी सांगितली?"

"आता काय उपयोग, भाई?"

"मीबी नाय सांगितली. मला वाटलं, तुमचा धंदा, तुमचं तोंड. मंग तिचा आदमी गेला. मी मातीला गेलो होतो, अप्पा. तिथंबी नाय बोललो." खोकून झाल्यावर म्हणाले, "आपल्या दोघांपैकी एकानं सांगाया पायजे. माझ्यात दम नाय."

मी उठलो. "बघू," म्हणालो. बाईंच्या नवऱ्याला दिलेला तोच शब्द. दारात आल्यावर माझ्याच ध्यानात आलं. पण मागं वळलो नाही.

गफूरभाईंच्या चाळीसाव्याला, म्हणजे चाळीसाव्या दिवसाच्या दुव्याला, गेलो तेव्हा बाहेर मंडप होता, बायका आत. कलावतीबाई परत निघाल्या होत्या, चपला शोधत होत्या. केस पांढरे, पण आवाज तोच. "अप्पा, वळखलं का? तुम्ही तर लई दिवस तोंड लपवलं." मग आपणहूनच म्हणाल्या, "तुमची काळजी होती हो त्या वेळी. तो हॉस्टेलवाला म्हणायचा, अप्पाचे हातपाय मोडतो. गफूरचाचा म्हणले, बाई, अप्पाकडं अडकलेली आगाऊ रक्कम तुमच्या पैशातून कापू द्या, माणूस वाचंल. म्हणलं, कापा. भाव तर दुप्पट आलता."

इतकी वर्षं मी ज्याला नशीब समजत होतो ते या बाईंनी भरलं होतं. मला तिथून पळावंसं वाटलं.  भूकंपानंतर इतका कधी भ्यालो नव्हतो. मी म्हणालो, "बाई, घराला काही झालं नव्हतं. निस्ता गिलावा फाटला होता. इंजिनियरनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

त्यांच्या हातात एकच चप्पल होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"मालक होते तवा?"

"होते तवा."

"चाचाला ठाऊक होतं?"

इथं मला सूड घेता आला असता, किंवा मेलेल्याला वाचवता आलं असतं. दोन्ही सुचलं, खोटं सांगत नाही. "हाव," मी म्हणालो. "त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मी. आम्ही दोघंबी गप बसलो."

त्या आत गफूरभाईंच्या बायकोकडं गेल्या. पडद्यामागं बायकांचं बोलणं चालू होतं ते थांबलं, आणि मी मंडपाचा बांबू धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं बाहेर आल्या. माझ्याकडं न बघता चपला पायात घातल्या. "चाचीला मी काही बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांच्या माणसाचं त्यांना तुम्ही सांगा." आणि गेल्या.

त्यानंतर मी दोनदा त्या घरी गेलो. चाची चहा देतात, गफूरभाईंचा तक्क्या पुढं सरकवतात, "भाई, टेकून बसा" म्हणतात. मी टेकत नाही आणि बोलतही नाही. दोन्ही वेळा तसाच उठून आलो. त्या खोलीत वर्तमानपत्राच्या पुरवण्यांचा एक गठ्ठा आहे, दोरीनं बांधलेला. चाचींना वाचता येत नाही. रविवारची पुरवणी गफूरभाई त्यांना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे, जाहिरातींसकट. आता मुलगा वाचतो. जाहिराती तो गाळतो, बाकी काही गाळत नाही.

हा मजकूर मी त्याच वर्तमानपत्राच्या संपादकांकडं दिला तेव्हा एकच विचारलं, कुठल्या दिवशी येईल. ते म्हणाले, रविवारी.