तिसऱ्या चाकावरची गार्गी

बदलापूरच्या कात्रपहून मी निघण्याआधी गार्गीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आई, आलीस की रविवारी तुला मोटारसायकलींची शर्यत दाखवते." ह्यांना अंबरनाथच्या कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून मी एकटीच निघाले. लेक इंग्लंडमध्ये इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिला शर्यती बघायला आवडत असतील, असं मी धरून चालले.

लिंकनशायरमधलं ते सर्किट गव्हाच्या शेतांत लपलेलं. गाडी चढावर आली आणि खाली झाडांमधून वळत जाणारा काळाभोर रस्ता दिसला. वारा असा, की उल्हासनगरला घासाघीस करून घेतलेलं माझं जाड जॅकेट कागदाचं वाटायला लागलं. आम्ही पॅडॉकमध्ये (स्पर्धक आणि त्यांच्या गाड्या थांबतात त्या आवारात) शिरलो. गार्गी एका तंबूत गेली आणि बाहेर आली ती गळ्यापासून पायापर्यंत चामड्याच्या पोशाखात.

"आई, ओरडू नकोस हां. मी पण आहे शर्यतीत."

गाडी म्हणजे बाजूला फळी जोडलेली तीन चाकांची मोटारसायकल, जेमतेम गुडघ्याएवढी उंच. चालवणारा पीट, पन्नाशीचा गवंडी, गुडघे टेकून तिच्यावर ओणवा होतो. शेजारच्या फळीवर गार्गी. तिला ना सीट, ना पट्टा; धरायला दोन-तीन मुठी. वळणावर तिने अंग बाहेर झोकायचं, नाहीतर गाडी उलटते.

"कधीपासून चाललंय हे?"

"दुसरा सीझन."

"बाबांना माहितीये?"

"आधी तुला सांगतेय ना!"

तिला दंडाला धरून घरी न्यावं असं वाटत होतं. पीटने माझ्या हातात चहाचा मग दिला आणि शांतपणे म्हणाला, "ही नसेल तर मला फक्त सरळ जाता येतं."

कुंपणापाशी घडीच्या खुर्चीवर पांढऱ्या केसांची मॉरीन बसली होती. तिने व्हिनेगर शिंपडलेले चिप्स (बटाट्याचे जाड तळलेले तुकडे) पुढे केले. मी पिशवीतली चकली दिली. तरुणपणी तीही नवऱ्याच्या गाडीला अशीच लटकायची. तेव्हा वळणावर गवताच्या पेंढ्या रचलेल्या असत, डोक्यावर वाडग्यासारखं हेल्मेट. काही जण ज्या मोटारसायकलवर घरून येत, तीच शर्यतीत पळवून तिच्यावरूनच घरी जात.

"भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"लटकताना नाही. इथे बसून बघताना वाटते."

तेवढ्यात शर्यत सुटली. आवाज छातीतून आरपार गेला. गाड्या झाडांआडून उसळून आल्या आणि मला गार्गी दिसली! डाव्या वळणाला तिचं डोकं रस्त्यापासून वीतभर अंतरावर. उजवं वळण येताच ती सरपटत पीटच्या पाठीमागे. किती चपळ, किती नेमकी! मी कधी उभी राहिले, कळलंच नाही. "धर गं! घट्ट धर!" मी ओरडत होते. मॉरीनही माझं ऐकून ओरडायला लागली, "धर गं!"

तिसऱ्या फेरीत त्यांची गाडी घसरली, गिरकी खाऊन गवतात गेली. मॉरीनने माझं मनगट पकडलं. गार्गी उठली, गाडीला धक्का दिला, उडी मारून फळीवर चढली आणि दोघं पुन्हा रस्त्यावर! शेवटून दुसरे आले. मी मात्र पहिला नंबर आल्यासारख्या टाळ्या पिटल्या.

पॅडॉकमध्ये तिच्या कोपराला हिरवा डाग होता, चेहरा नुसता फुललेला.

"घाबरलीस ना?"

"खूप."

"मग?"

"मग काय? दुपारची शर्यत किती वाजता?"

तिने मला अशी मिठी मारली, की चामड्याचा आणि पेट्रोलचा वास माझ्या अंगाला चिकटला.

बदलापूरला परतल्यावर ह्यांना मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. ह्यांनी तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाले, "पुन्हा लाव. ती उठते तिथून."

आता तिची शर्यत असते त्या रविवारी आम्हा दोघांना तिचा फोन येईपर्यंत काही सुचत नाही. आधी हे काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हा मी रविवारी निवांत झोपायचे. पण तेव्हाची माझी गार्गी अर्धीच होती. ती झोप मला परत नको.