सबस्टेशनात बिबट्या बसलाय, धडा उद्या पाठवतो

चार जणांनी मिळून केलेल्या कामाचे किस्से तिथल्या तिथं चहाबरोबर संपतात. एकट्यानं केलेल्या कामाचे मात्र साठत जातात, कारण ते घडतात तेव्हा ऐकायला कुणी नसतं. माझ्याकडं असा बराच माल पडून आहे. आता तुम्ही सापडलाच आहात, तर ऐका.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. मी नारायणगावात एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. द्राक्षांचा सीझन संपला की ऑफिसात माशा मारायच्या. मग दुपारी मी कांतीशेठच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचो. शेठचं खाली कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठची मराठी आपल्यापेक्षा रांगडी. कॅफे माळ्यावर. चपला खाली काढून लोखंडी जिन्यानं वर जायचं. वर प्लायवूडचे आडोसे घालून चार कॉम्प्युटर मांडलेले.

तिथं बसून मी काय करायचो? तर जगभरची माणसं मिळून एक सॉफ्टवेअर बनवत होती, सगळ्यांना फुकट वापरता येईल असं. ते कसं वापरायचं याचं एक जाडजूड पुस्तक होतं. असं पुस्तक लिहिताना मजकुरात खुणा टाकतात. इथून ठळक अक्षर सुरू, इथं संपलं. इथून यादी सुरू, इथं संपली. या खुणा म्हणजे टॅग. उघडलेला टॅग बंद करायचा राहिला, की गोठ्याचं फाटक उघडं राहिल्यासारखं होतं. गुरं सगळ्यांच्या रानात! असली उघडी फाटकं शोधायची आणि लावून घ्यायची, हे माझं काम. कुणी दिलेलं नव्हतं. मीच घेतलं होतं.

*

एकदा कुणीतरी प्रस्तावनेत ठळक अक्षराचा टॅग उघडला आणि तसाच सोडून दिला. तिथून पुढं सगळा धडा ठळक! प्रत्येक वाक्य अंगावर ओरडतंय असं वाटायचं. मी शोधून दुरुस्त केलं. पुस्तकाच्या शेवटी मदत करणाऱ्यांची नावं असतात, त्यात माझं नाव आलं.

मला काही सुचेना. घरी सांगावं तर आईला कॉम्प्युटर म्हणजे टीव्ही. ऑफिसात सांगावं तर मॅनेजर म्हणणार, तुला काम कमी पडतंय का? शेवटी शेठला वर बोलावलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. शेठनं चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"तुझं नाव हाय व्हय? लई भारी! आनि हे बाकीचे कोन?"

"हे पण माझ्यासारखेच. कुणी जर्मनीतला, कुणी ब्राझीलचा."

"तू वळखतो ह्यांना?"

"नाही."

"ते तुला वळखत्यात?"

"नाही."

शेठनं चष्मा परत कपाळावर चढवला. "मग हे मतदार यादीसारखंच झालं की रं!"

*

राजुरीला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे मामा पुढं सरसावले. माणूस सरळ होता, सरळ विचारलं.

"कोल्ड स्टोरेजचं कळलं. पन मध्यस्थ म्हनत व्हते, तुमी दुपारचं अजून कायतरी करता?"

मी कधी नव्हे ते खुललो. कुणीतरी विचारलं होतं! टॅग, खुणा, पुस्तक, जगभरची माणसं, सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे लोकांनी उघडं टाकल्यालं तुमी लावून घेता."

"बरोबर!" मला वाटलं, जिंकलो.

"पगार?"

"नाही."

"सायेब कोन?"

"तसं कुणी नाही."

"उद्या तुमी न्हाय गेलात, तर कुनी बोलवायला येईल?"

मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आठवड्यानं निरोप आला. "मुलगा गुनाचा हाय. पन त्याच्या कामाला मालक न्हाय."

बाकी स्थळांनी उंची, जमीन, पत्रिका अशी कारणं दिली. ती मी विसरलो. मामांचं मात्र लागलं, कारण ते खरं होतं. मी चार दिवस कॅफेत गेलो नाही. खरंच कुणी बोलवायला येतंय का, ते बघत होतो.

पाचव्या दिवशी शेठनं निरोप धाडला. मी धावत गेलो. माझी छत्री राहिली होती!

*

त्या छत्रीच्या दिवशी मेल उघडली, तर एक मेल येऊन पडली होती. आमच्यात नियम होता, की एकानं केलेली दुरुस्ती दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुस्तकात जात नाही. माझ्या दुरुस्त्या तपासणारा होता 'व्ही'. तेवढीच सही करायचा. त्याचं इंग्रजी सरकारी अर्जासारखं. आदरणीय महोदय, सविनय कळविण्यात येते की आपल्या चौथ्या धड्यातील तक्ता उघडा राहिला आहे. खाली, आपला विश्वासू, व्ही. मीही त्याला तसंच उत्तर द्यायचो. एवढ्या अदबीनं माझ्याशी तालुक्यात कुणी बोलत नव्हतं.

त्या दिवशीच्या मेलमध्ये लिहिलं होतं, "आदरणीय महोदय, चार दिवस आपल्याकडून एकही चूक आली नाही. तब्येत बरी आहे ना?"

मी ते वाचून खाली रस्त्याकडं बघत बसलो. बोलवायला आलं होतं कुणीतरी. पण कुठून, तेच माहीत नव्हतं. मेलवर वेळ भारतातली पडायची, पण भारत काय लहान आहे? मी त्याला बंगळूरला काचेच्या बिल्डिंगमध्ये बसवून टाकला होता. एसी, फिरती खुर्ची, गळ्यात ओळखपत्र. असा माणूस माझ्याशी काय म्हणून दोस्ती करेल? म्हणून मी विचारलंही नाही.

*

हे काम डोक्यात फार शिरलं की माणूस बिघडतो. पुस्तकाच्या मजकुरात 'अँड'ची ती वेटोळी खूण मोकळी लिहिली, की कॉम्प्युटर अडून बसायचा आणि अख्खं पुस्तक तयार व्हायचं थांबायचं. ती खूण कायम वेगळ्या पद्धतीनं लिहावी लागे.

शेठनं दुकानाला नवी पाटी करायला घेतली. पेंटर शिडीवर चढून रंगवत होता, कांतिलाल, मग ती वेटोळी खूण, मग सन्स. मी खालून चाललो होतो. वर बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, ते असं मोकळं नका ठेवू! सगळं बंद पडेल!"

पेंटर जागच्या जागी थांबला. शेठ हातातलं कापड टाकून बाहेर आले. व्यापारी माणूस, नव्या पाटीचा दिवस आणि मी म्हणतोय बंद पडेल! मी समजावून सांगायला लागलो, तसे ते आणखीच घाबरले. शेवटी पेंटरकडून त्या खुणेभोवती झेंडूच्या फुलांची चौकट काढून घेतली.

"आता न्हाय ना मोकळी?" शेठनं मला विचारलं.

मी नाही म्हणालो. पाटी अजून तशीच आहे.

*

आमच्या मंडळात आणखी एक रीत होती. ज्याच्या चुकीमुळं पुस्तक अडेल, त्यानं सगळ्यांना लिहायचं, "चहा माझ्याकडून." इंग्रिड नावाच्या बाई सगळ्यांच्या म्होरक्या. ही रीत त्यांनीच पाडली होती. आता चहा पाजणारा एका खंडात आणि पिणारे उरलेल्या खंडांत. पण प्रत्येक जण इमानानं लिहायचा आणि बाकीचे इमानानं आभार मानायचे. मी तर इतक्यांदा चहा कबूल केला होता, की घरची म्हैस आटली असती.

एक दिवस मी पुन्हा लिहिलं, "चहा माझ्याकडून." पाठवलं आणि शेठनं खरा चहा मागवला. एकच कप. तो हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा त्या रीतीचं वाईट वाटलं. इतकी सगळी माणसं, आणि एकाचाही कप समोर नाही. चहा अर्धाच प्यायलो.

*

मग बिबट्या आला. आपल्याकडं बिबट्याचं नवल नाही, ऊस आला की तो आलाच. पण हा गेला थेट आमच्या भागाला वीज देणाऱ्या सबस्टेशनच्या आवारात आणि ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत बसला. कामगारांनी लाइन बंद केली आणि खोलीत शिरून आतून कडी लावली. वनखात्याची माणसं जाळी घेऊन येईपर्यंत आसपासच्या गावांत सगळीकडं अंधार. बिबट्या निवांत होता. त्याला सावली हवी होती, ती मिळाली.

दुसऱ्या दिवशी लाइट आल्यावर मी कॅफेत गेलो. इंग्रिडबाई आदल्या दिवसापासून सातव्या धड्याची वाट बघत होत्या. तो व्हीकडं होता. व्हीची मेल आली होती, सगळ्यांना उद्देशून. "आदरणीय मंडळी, काल विद्युत केंद्रात बिबट्या बसल्यामुळं सातवा धडा पाठवता आला नाही. कर्मचारी खोलीत अडकले होते. क्षमस्व. चहा माझ्याकडून."

जगभरातून हसण्याच्या मेल आल्या! एकानं लिहिलं, आजवरचं सर्वांत उत्तम कारण. ब्राझीलवाल्यानं लिहिलं, पुढच्या वेळी मी मगर सांगेन.

मी एकटा हसलो नाही. मी मेल पुन्हा पहिल्यापासून वाचली. अरे, तो बिबट्या आमचा आहे!

व्हीला वेगळी मेल टाकली. आदरणीय महोदय, आपण कोणत्या शहरात असता? उत्तर आलं, "महोदय, शहर नव्हे. आपल्याला ठाऊक नसेल असं छोटं गाव आहे. घोडेगाव."

घोडेगाव! मंचरहून भीमाशंकरला जाताना लागतं ते! एसटीनं तासाभराचा रस्ता! मी इंग्रजी अक्षरांत, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला मराठीतून लिहिलं, "घोडेगावला माझी मावशी राहते."

मग दोन दिवस काहीच नाही. मला वाटलं, मराठी बघून माणूस बिचकला. उगाच सांगितलं. तो इंग्रजीतला महोदयच बरा होता, निदान होता तरी. तिसऱ्या दिवशी मेल आली. आदरणीय नाही, महोदय नाही, सविनय नाही.

"कुठल्या आळीला?"

*

बाजाराच्या दिवशी तो आला. विष्णू त्याचं नाव. घर डोंगराकडं, भीमाशंकरच्या वाटेवर, भाताची खाचरं आणि नाचणी. घोडेगावात झेरॉक्सचं छोटं दुकान, त्यात एक कॉम्प्युटर. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पिशवीत माझ्या आईसाठी घरचे तांदूळ.

मी सकाळपासून काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. इतकी वर्षं पोटात साठलेलं. शेठना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या माझा माणूस येणार आहे. शेठनं जिन्याला फडकं मारून घेतलं, खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि चहा मागवला. आम्ही बसलो.

"मला वाटलं, तुम्ही बंगळूरला असाल," मी म्हणालो.

"मला वाटलं, तुमी पुन्याला. मोठ्या कंपनीत."

दोघांनी एकमेकांच्या पायांकडं पाहिलं. चपला तर दोघांच्याही खाली जिन्यापाशी होत्या. अनवाणीच बसलो होतो.

"पाऊस कसाय तिकडं?"

"लई."

"भात?"

"बराय."

पुढं शब्दच नाही! मराठीत आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो. तो बोटांनी पिशवीचा बंद उलगडत होता. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. समोर माझा एकुलता एक माणूस बसला होता, घोडेगावची गाडी तासाभरात होती, आणि मला वाटायला लागलं की हा उठून जाईल आणि पुन्हा कधीच मेल करणार नाही.

विष्णूनं हळूच कॉम्प्युटरकडं पाहिलं.

"चालू हाय का?"

"आहे की."

तो एका कॉम्प्युटरवर बसला, मी शेजारच्या. मध्ये प्लायवूड. कीबोर्ड वाजला. माझ्याकडं मेल आली, "आदरणीय महोदय, सविनय कळविण्यात येते की आपल्या सातव्या धड्यातील यादी अजूनही उघडी आहे." मी लिहिलं, "महोदय, ती यादी आपणच उघडली होती." पलीकडून हसल्याचा आवाज आला. मग मी राजुरीच्या मामांचं लिहिलं. त्यानं, त्याची बायको टॅगला काय म्हणते ते लिहिलं. मी छत्रीचं लिहिलं. त्यानं लिहिलं, त्या चार दिवसांत तो रोज दुकान उघडून आधी माझी मेल बघायचा. मी एका कपाचं लिहिलं. मग दोन्हीकडून टकटक थांबेचना.

कांतीशेठ जिना चढून वर आले. बघतात तर समोरासमोरच्या खुर्च्या रिकाम्या, दोन कप भरलेले, वर जाड साय धरलेली. शेठनं प्लायवूडच्या या बाजूनं डोकावलं, त्या बाजूनं डोकावलं.

"अहो पावणं, तुमची गाडी लागली खाली! एवढ्या लांबनं आलात, ह्यो हितं शेजारी बसलाय. दोन शबुद बोला की त्याच्याशी!"

विष्णूनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"बोलतोय की, शेठ!"