सात वाजता विझलेला राजवाडा

कपाटावर ती तारांची चौकोनी जाळी कसली, असं विचारलंतच ना? आता सांगावं लागणार. पण चहा आधी संपवा. माझी फजिती ऐकताना पाहुणे हमखास चहा सांडतात, आणि टेबलक्लॉथ मला धुवावा लागतो.

मी पोटासाठी काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या चारचौघांत दाखवायच्या. ऑफिसात मी चहाला उठलो तरी पोरं लॅपटॉप मिटतात. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

सांगलीहून म्हैसूरला आल्यापासून मी आणि मुग्धा सरस्वतीपुरममध्ये ताराक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. ताराक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. त्यांचं मराठी चालता चालता मध्येच कन्नडचा हात धरतं.

तर दसऱ्याच्या आधी एकदा त्या गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. इथं दसऱ्यात सातच्या ठोक्याला राजवाड्याचे सगळे दिवे एकदम लागतात. ताराक्कांचे यजमान दर वर्षी त्यांना स्कूटरवरून न्यायचे. आता ते नाहीत आणि गुडघेही ऐकत नाहीत.

मी म्हटलं, "अक्का, टीव्हीवर दाखवतात की."

"दिवे दिसतात रे टीव्हीत. 'हाऽऽ' कुठे ऐकू येतंय? अंधारात एवढी माणसं सुम्मने, अगदी गप्प उभी असतात, आणि दिवे लागले की सगळी मिळून 'हाऽऽ' करतात. आमचे हे पण करायचे, स्कूटरला टेकून. मला ते पाहिजे."

माणसानं अशा वेळी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "अक्का, राजवाडा मी तुमच्या घरात आणतो."

जिना चढताना मुग्धा म्हणाली, "बघू काय दिवे लावतोस."

माझा बेत साधा होता. रंगीत एलईडींचा चार मजली चौकोनी क्यूब करायचा, त्याला पत्त्याएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जोडायचा. सातपर्यंत मिट्ट काळोख. सातला सगळे दिवे एकदम. पाव तासानं आधी लाल रंग हळूहळू मावळणार, मग हिरवा, मग निळा, आणि शेवटी पुन्हा काळोख. नवरात्रात इथं घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यांना गोंबे म्हणतात. ताराक्कांच्या गोंब्यांत सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी, त्यांच्या लग्नात माहेरून आलेले. त्या दोघांच्या मागे माझा राजवाडा उभा राहणार होता.

सोल्डरिंग करताना बोटं भाजली, मुग्धाचा पोळपाट भाजला, ते सोडा. आता चूक ऐका. रंगीत एलईडीला एक सामाईक पाय असतो. एका जातीत तो प्लसला जोडतात, दुसऱ्या जातीत मायनसला, आणि दोन्हींचे प्रोग्राम एकमेकांच्या बरोबर उलट. मी प्रोग्राम लिहिला मायनसवाल्यांचा आणि दुकानातून आणले प्लसवाले. जोडल्यावर पेटेनात. तार काढून दुसरीकडे लावली, पेटले. झालं की काम! का पेटले हे विचारलं नाही. ऑफिसात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्याला मी संध्याकाळपर्यंत उभं केलं असतं.

आणि मी तपासलं काय, तर लुकलुक. दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय. मला सांगा, उलटी लुकलुक कशी दिसते? लुकलुकच दिसते ना?

पहिल्या संध्याकाळी ताराक्कांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. कुंकू झालं, हरभऱ्याची उसळ वाटली गेली. समोरच्या घरातले नागराजप्पाही आले. हे बँकेतून निवृत्त झालेत आणि यंत्र कुठलंही असो, त्यांना त्याबद्दल मत असतं. मी क्यूब पॉवर बँकेला जोडून राजा-राणीच्या मागे ठेवला, आणि तो लख्ख पेटला. सात वाजायला बराच अवकाश होता.

"सातला ना रे?" ताराक्का म्हणाल्या.

"ही तालीम आहे, अक्का," मी म्हणालो. मनात म्हटलं, सातला प्रोग्राम आपोआप रुळावर येईल. का येईल, ते विचारू नका.

मजा जाऊ नये म्हणून ताराक्कांनी क्यूबवर खणाचं कापड टाकलं. सातला नागराजप्पांनी घड्याळ बघून हात वर केला, ताराक्कांनी खण ओढला. आत काळोख.

कुणी 'हाऽऽ' केलं नाही. एका बाईंनी जांभई दिली, ती मी क्षणभर 'हाऽऽ' म्हणून मोजली.

"करंट होय्तु," मागून कुणीतरी म्हणालं. वीज गेली म्हणे. डोक्यावर पंखा फिरत होता.

ताराक्का माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही हो. मलाच वाईट वाटू नये अशा नजरेनं बघत होत्या, आणि ते मला सोसेना. मी पटकन म्हणालो, "व्होल्टेज कमी पडतंय."

नागराजप्पा याच वाक्याची जन्मभर वाट बघत असावेत. "साकागल्ला, करंट पुरत नाही," त्यांनी सगळ्यांना समजावलं आणि पंखा बंद केला. मग टीव्ही. मग फ्रिज. तरी क्यूब पेटेना, तेव्हा ट्यूबलाइट. मग शेजारच्या घरात निरोप गेला की मिक्सर थांबवा. त्याच्या पलीकडे पाण्याचा पंप थांबला. गल्लीच्या टोकाला कुणाची तरी मालिका ऐन रडण्यात बंद झाली. शेवटी नागराजप्पांनी ताराक्कांचा मेन स्विचच खाली ओढला.

माझा क्यूब पॉवर बँकेवर होता. घराच्या विजेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण हे सांगायची वेळ केव्हाच निघून गेली होती. मिट्ट काळोखात उसळीच्या वाट्या धरून सगळी गल्ली सुम्मने उभी, आणि मी भिंतीला टेकून नवं घर कुठल्या भागात बघावं याचा विचार करत होतो.

एवढ्यात राजाच्या पाठीमागे लाल उजेड फुटला.

पाव तास झाला होता. प्रोग्राम आज्ञाधारकपणे लाल मावळवत होता, म्हणजे इथं लाल उगवत होता. मग हिरवा त्यात मिसळला आणि सगळं सोनेरी झालं, अगदी राजवाड्यासारखं. हे मी ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ. राजा-राणीचे मुकुट, खालच्या पायरीवरचा वाणी, हत्ती, सगळे सोन्यात न्हायले.

आणि सगळ्या गल्लीनं एकदम केलं, "हाऽऽ!"

ताराक्कांनी पदर डोळ्यांना लावला. माझा हात दाबून म्हणाल्या, "अस्संच. अगदी अस्संच असायचं." मलाही भरून आलं. खरंच आलं. नागराजप्पा सगळ्यांकडून अभिनंदन स्वीकारत होते, म्हणून मला डोळे पुसायला सवड मिळाली.

इथं थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी टेस्टर. सकाळी चूक सापडली, दुरुस्त केली, चांगली दहादा तपासली. दुसऱ्या संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात सातच्या ठोक्याला सगळे दिवे बिनचूक लागले. बायकांनी मान वर करून पाहिलं, 'हं' म्हटलं आणि उसळीत खोबरं जास्त झालंय का यावर बोलू लागल्या.

पाहुणे गेल्यावर ताराक्कांनी मला बाजूला घेतलं. "निन्ने किती छान केलं होतंस, काल. आज याके, का बिघडवलंस रे?"

मी वर आलो, लॅपटॉप उघडला. मुग्धानं विचारलं, "आता काय करतोयस?"

"काढलेली चूक परत घालतोय."

"घाल," ती म्हणाली. "पण या वेळी तरी नीट तपासून घाल."