मुठीच्या पाठीवरचं नाव

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही — ती शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून पडली होती, तरी नाही. देवापुढंही नाही, कारण ती वस्तू देव्हाऱ्याशेजारीच असते आणि तिच्यासमोर माझं तोंड उघडत नाही. तुमच्यापाशी का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी चौथी नापास. पण ताठ माणूस. घोडेगावच्या कचेरीत कुठल्या साहेबापुढं मान लववली नाही. तळेघरच्या अलीकडं, डोंगरात आमचं गाव. भात, नाचणी, चार महिने धुकं. आणि आमच्या घरात एक रिव्हॉल्व्हर.

दचकू नका. त्याची नळी शिशानं बुजवलेली आहे, पोलिसांकडं नोंद आहे, त्यातून काही सुटत नाही. माझा आजा सांगायचा, शिकारीला आलेल्या गोऱ्या साहेबाच्या हातातून आपण ते हिसकावलं. खंडेनवमीला आम्ही ते चिंच-राखेनं घासायचो, हळदकुंकू वाहायचो, आणि दसऱ्याला ताटात घालून देवळात न्यायचो. गाव पाया पडायचं. आपट्याचं पहिलं पान माझ्या हातात पडायचं, मग बाकीच्यांच्या. जमिनीचे तुकडे झाले, पोरं चाकणला गेली — पण ते पहिलं पान राहिलं. एका पानासाठी माणूस काय करील, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं.

सखाराम बौद्धवाडीतला. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. मी शाळा सोडली, तो शिकला, बंदुका बनवायच्या सरकारी कारखान्यात फिटर झाला. पेन्शनीत गावाला परत आला. चारचौघांत मला नाना म्हणायचा आणि दोघंच असलो की किश्या. मला किश्या म्हणणारी सगळी माणसं तोवर गेली होती. तो एकटा उरला होता.

वीसेक वर्षं झाली. दसरा आठ-दहा दिवसांवर होता. ओसरीवर येऊन म्हणाला, "लई वर्षं लांबून पाया पडलो. आज हातात दे."

दिलं. त्यानं ते मधल्या बिजागरीवर दुमडून उघडलं, सहा घरांचं चाक फिरवलं, त्यावरचा नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मुठीच्या बुडाशी एक कडी आहे, ती मला दाखवली. "हिच्यात दोरीचा गोफ अडकवायचा, हातातनं पडू नये म्हून. पलटणीतल्या अंमलदाराचं हाय हे. पयल्या म्हायुद्धातलं असंल." मग माझ्यावरच उखडला. "चिंचेनं घासतोस व्हय रं, किश्या? ही काय कळशी हाय?"

मग शिकवलं त्यानं मला. वरची काळी झाक म्हणजे लोखंडाची कातडी. ती गेली की लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथंच पहिला धरतो. चामड्याच्या पिशवीत ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. मऊ फडकं, पातळ तेल, एवढंच. बोलता बोलता तो थांबला. त्याचा अंगठा मुठीच्या पाठीवरच्या लोखंडी पट्टीवर होता. तिथं कुंकवाचा आणि मळाचा थर बसलेला. "किश्या, हितं अक्षरं हायेत," तो म्हणाला.

आता त्याच्या घरची गोष्ट सांगायला हवी. त्याचा आजा धोंडी, पलटणीत जमादार. लढाईत जखमी साहेबाला त्यानं पाठीवर वाहून आणलं, म्हणून साहेबानं आपलं रिव्हॉल्व्हर धोंडीचं नाव कोरून त्याला दिलं. ते घेऊन तो गावी आला, तेव्हा माझा आजा त्याला म्हणाला, हत्यार तुमच्या वस्तीत शोभत नाही, आमच्या घरी राहू दे. ते राहिलंच. ही गोष्ट सखारामनं तरुणपणी एकदा चावडीवर सांगितली, आणि गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून त्याला जमादार हे नाव पडलं. टिंगलीनं.

"खोटं निघालं तर पुन्यांदा नाव काढणार न्हाई," तो म्हणाला. "रविवारी जुन्नरहून मास्तर येत्यात, जुन्या हत्यारांची नोंद करणारे. तवर हात लावू नको." डोळे भरले होते त्याचे. आज्याचं नाव एकदा डोळ्यांनी बघायचं होतं त्याला, दुसरं काही नाही. रिव्हॉल्व्हर परत दे, असं तो म्हणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरची सगळी भातखाचरात होती. मी तेलाच्या फडक्यानं तो थर हळूहळू काढला. अक्षरं उघडी झाली. इंग्रजी. मला ती येत नाहीत. विचारायचं कुणाला? विचारलं की कळलं गावाला. भिंतीवर नातवाचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता, चित्रांचा. तो खाली उतरवला, जमिनीवर पसरला आणि गुडघे टेकून एकेक अक्षर जुळवत बसलो. वरच्या ओळीतलं नीट लागेना. खालच्या ओळीत सहाच अक्षरं. कुत्रा. कोंबडी. संत्रं. घरटं. पुन्हा कुत्रा. शेवटी आइस्क्रीम. चित्राखालचं मराठी अक्षर वाचत गेलो — ड, ह, ओ, न, ड, आय. दोनदा जुळवलं. तिसऱ्यांदा जुळवलं.

माझ्या आज्याचं नाव मारुती. काय करायचं होतं मी? तुम्ही काय केलं असतंत? — नाही, ते विचारायचा मला हक्क नाही.

मी तक्ता भिंतीला परत लावला. खोलीतून कानस आणली, मग पॉलिशपेपर. धोंडीचं नाव लई खोल कोरलेलं होतं. जाईना. हाताला फोड आला, तरी मी थांबलो नाही. पट्टी गुळगुळीत झाली तेव्हा ती चांदीसारखी चमकायला लागली, म्हणून चिंच चोळली, राख चोळली, वरून कुंकू फासलं. संध्याकाळी सून विचारत होती, मामंजी, आज जेवला का नाहीत?

रविवारी मास्तर आले. सखाराम धुतलेला सदरा घालून आला होता. मी रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात ठेवलं. त्यानं कुंकू पुसलं आणि अंगठा पट्टीवरून फिरवला. एकदाच. जन्मभर कानशीच्या खुणा बोटानं वाचलेला माणूस तो. त्याला कळलं नसेल? पण मला वीस वर्षं असंच धरून चालायचं होतं, की नाही कळलं.

मास्तर म्हणाले, "इथं काही होतं का हो?"

सखाराम म्हणाला, "पूजेच्या घासणीनं गेलं असंल मास्तर. कुणाचा दोष न्हाई."

मास्तरांनी वहीत आमच्या घराण्याचं नाव लिहिलं आणि एसटी गाठायला पुढं निघाले. ओसरीवर दोघंच उरलो. त्यानं रिव्हॉल्व्हरला तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाला, "येतो, नाना."

दोघंच होतो आम्ही. आणि तो नाना म्हणाला.

त्यानंतर चहाच्या टपरीवर पोरं त्याला विचारायची, "काय जमादार, सापडलं का पिस्तुल?" तो चहा पीत राहायचा. एकदा मी तिथंच होतो. पोरं हसली. मीही हसलो. कबूल करायचं तर हेही करायला हवं — कानस मी भीतीनं चालवली, पण हसलो ते कशानं?

तरी दर साली खंडेनवमीच्या आधी तो येत राहिला. आपलं फडकं, आपलं तेल घेऊन. पट्टीवरची काळी कातडी मी घासून टाकलेली, म्हणून पावसाळ्यात दर वेळी तिथं तांबूस डाग धरायचा. तेवढ्याच जागी. तो फडक्यानं तो डाग टिपायचा, तेल द्यायचा, चहा घ्यायचा आणि येतो नाना म्हणून निघायचा. दर साली मला वाटायचं, आज सांगावं. शब्द दातांपर्यंत यायचे. मी चहात साखर आहे का, विचारायचो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. शेवटी भेटायला गेलो होतो. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं. म्हणाला, "तेल सरलंय नाना. घोडेगावला मिळंल." तेवढंच. मी मान हलवली आणि घरी आलो.

औंदा खंडेनवमीला मी फडकं सोडलं, तर डाग आलेला होता. लांबोडका, सहा अक्षरांएवढा. मी पुसला. दसऱ्याला ताट देवळात नेलं. पहिलं पान माझ्याच हातात पडलं, आणि मी ते घेतलं.

आज सकाळी पुन्हा उघडून पाहिलं. डाग परत धरलाय. ते रिव्हॉल्व्हर धोंडी जमादाराचं आहे. त्याचं नाव त्यावर होतं. ते मी वाचलं, आणि मग घासलं.