नळ आले, उठा!

पाणी येण्याआधी नळातून हवा येते. आधी एक खोल, घोगरा उसासा, मग खोकल्याची उबळ यावी तसे दोन-तीन आचके, आणि मग पहिला थेंब. उन्हाळ्याच्या पहाटे, कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध खोलीत रेंगाळत असताना आणि अंगणातली फरशी नुकती कुठे निवलेली असताना, तो थेंब बादलीवर पडून जो नाद होतो, त्याच्याइतका आश्वासक नाद मी दुसरा ऐकलेला नाही. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत, समोरासमोर दोन ओळींत वसलेल्या आमच्या वीस घरांच्या कॉलनीत पाणी येत नाही, नळ येतात. एक दिवसाआड, पहाटे, साडेचार ते सहाच्या मध्ये कधीतरी. हा 'कधीतरी' मला सोसत नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी अकोल्याला एका कार्यालयात आहे. रोजचं अप-डाउन. बडनेऱ्याची गाडी सातला पकडायची, म्हणजे साडेसहाला घर सोडायचं, म्हणजे त्याआधी टाकी, माठ, कूलर, झाडं. स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर हे सगळं क्रमानं लिहिलेलं. लोक हसतात, हसोत! ज्यांची गाडी कधी चुकली नाही, त्यांनाच हसायला वेळ असतो.

या कॉलनीत नळ आल्याची वर्दी देण्याचं काम काकूंचं होतं. काकू म्हणजे आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातल्या बाई. चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातल्या, वय पंचाहत्तरच्या आसपास, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा विनोद पुण्यात. त्यांचं घर उतारावर, त्यामुळे पाणी सगळ्यांत आधी त्यांच्याकडे. त्यांची रीत अशी की, रात्री अंगणातल्या नळाची तोटी उघडी ठेवायची आणि खाली पत्र्याची बादली उपडी घालायची. थेंब बादलीवर वाजला की काकू खाटेवरून उठायच्या आणि दारोदार निघायच्या. प्रत्येक दाराला त्यांची थाप वेगळी. जिथे तान्हं मूल, तिथे कडीला नुसतं बोट. जिथे परीक्षेचं लेकरू, तिथे खिडकीवर दोन टिचक्या. माझ्या दारावर मात्र पंजा. "उठ वं, मास्तरीण! नळ आले!" मी मास्तरीण नाही, हे त्यांना चौदा वर्षांत पटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला आणि एका पहाटे त्या उठल्याच नाहीत. वीसच्या वीस घरं कोरडी राहिली. मी पिंपातल्या तळाच्या पाण्यानं तोंड धुऊन गाडी गाठली, आणि अकोला येईपर्यंत माझी योजना तयार होती. पाणी सोडणाऱ्या माणसाचा नंबर मिळवला, व्हॉल्व्ह उघडताना मला एक फोन कर म्हणून त्याला सांगितलं, आणि सगळ्या घरांचा एक ग्रुप केला. फोन आला की मी दोन शब्द टाकायचे: नळ आले. समोरच्या सुनीता वहिनी तर म्हणाल्या, "बरं केलं बाई. काकूच्या हाकेनं मले रोज धडकी भरे. वाटे, कोणी गेलं का काय!" काकूंचा साधा फोन, त्या ग्रुपवर नाहीत. त्यांना मी जाऊन सांगितलं, "काकू, आता तुम्ही निवांत झोपा." त्या "बरं" म्हणाल्या.

एखाद्याला निवांत करणं हे चांगलंच काम नव्हे काय? मी तरी तसं समजत होते. तीन-चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग हळूहळू लक्षात आलं की काकू दिसत नाहीत. संध्याकाळी पायरीवर नाहीत, भाजीच्या गाडीवर घासाघीस नाही. एकदा त्यांच्या अंगणात डोकावले, तर बादली सुलटी ठेवलेली होती, आणि नळाची तोटी बंद. सुलट्या बादलीत वावगं काय आहे? जगातल्या सगळ्या बादल्या सुलट्याच असतात. तरी मला कसंसंच झालं.

त्यानंतर आठवड्याभरात विनोदचा पुण्याहून फोन आला. "ताई, आईला इकडे घेऊन यायचं म्हणतो. आधी विषय काढला की भांडायची. आता काहीच म्हणत नाही. घर काढून टाकावं काय, हेही ठरवावं लागेल. तुम्ही रोज बघता तिला. तिचं तिथे मन लागतं काय? तुम्ही सांगाल तसं करतो. रविवारी फोन करतो."

रोज बघता! हे शब्द मला टोचले. मी रोज काय बघत होते? फोनची घंटा, दोन शब्द, आणि खाली उमटणारे अठरा अंगठे.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून परतल्यावर थेट काकूंकडे गेले. त्या सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या.

"काकू, बाहेर दिसत नाही आजकाल?"

"काय काम हाये बाहेर? तुह्या मोबाईल हाये ना."

"राग आला काय तुम्हाला?"

"राग कायचा वं! इतकी वर्षं पहाटे उठून गावाले उठोलं. आता आराम हाये."

"मग झोप होते चांगली?"

त्यांनी डाळीतला खडा काढून अंगणात भिरकावला. "जाग त येतेच. मंग पडल्या पडल्या पाह्यतो, कोणाकडचा लाईट लागला, कोणाकडचा नाई. तुह्या पयला लागते. त्या सुनीताचा सगळ्याच्या शेवटी."

"पुण्याला जावंसं वाटतं काय?"

"तूच सांग. तूच लिहून ठेवत असते ना सारं!"

हा टोमणा होता, की विश्वास? त्या हसत होत्या, पण सुपाकडे पाहून.

घरी येऊन मी माझ्या पद्धतीनं वही काढली. मधोमध रेघ ओढली. एका बाजूला 'इथे', दुसऱ्या बाजूला 'पुणे'. गुडघे, असं लिहिलं, आणि थबकले. पुण्यात लिफ्ट आहे, म्हणून गुडघे तिकडे. पण इथे चालणं होतं म्हणून ते गुडघे चालतात, म्हणजे इकडे. नातवंडं तिकडे, पण नातवंडं दिवसभर शाळेत आणि क्लासला. एकटेपणा? तो कुठल्या बाजूला लिहू? आमच्या वीस घरांच्या मध्ये बसूनही तो असतो, आणि मुलाच्या भरल्या घरातही तो असू शकतो. जो शब्द लिहावा तो रेघेच्या दोन्ही बाजूंना जाई. शेवटी रेघ तेवढी उरली.

वाटलं, चूक दुरुस्त करावी. ग्रुपवर लिहिलं, पुढच्या वेळेपासून पुन्हा काकूच उठवतील. लगेच उत्तरं आली. एकांनी लिहिलं, "मॅडम, कायले? चाललं हाये ना बरं." दुसऱ्यांनी लिहिलं, "त्यांच्या वयाचा तरी विचार करा." खरंच की! अंधारात, कुत्र्यांमधून, वीस दारं फिरणारी ती म्हातारी आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं स्वाभाविक कशी वाटली? मग मी केलं ते योग्यच होतं काय? आणि योग्य होतं तर ती बादली माझ्या डोळ्यांपुढून का हलत नव्हती? एखादं काम माणसाला दमवतं आणि तेच काम त्याला उभंही धरतं, तेव्हा ते त्याच्या हातून काढून घेणाऱ्यानं उपकार केला की अपराध, हे कोणी कसं ठरवायचं? तो निरोप मी पुसून टाकला.

रविवारी विनोदचा फोन आला. मी वाक्य तयार ठेवलं होतं, तोलून-मापून: दोन्हीकडे फायदे-तोटे आहेत, तू चार दिवस येऊन राहा, मग ठरव. तोंडून निघालं ते भलतंच. "इथेच राहू दे त्यांना. मी आहे."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिले. हे मी कोणासाठी बोलले? काकूंसाठी? की त्यांच्या घराला कुलूप लागलेलं मला रोज गाडीला जाताना पाहावं लागलं असतं, म्हणून? आणि 'मी आहे' म्हणजे नेमकी केव्हा आहे? सकाळी साडेसहाला जाणारी आणि संध्याकाळी सातला येणारी मी!

सांगायला गेले, तर काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"मले न पुसता सांगतलं तू?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या, तूच सांग म्हणून."

त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मंग आता तुलेच पाहा लागन."

मी "हो" म्हटलं. त्या रागावल्या होत्या की त्यांना हायसं वाटलं होतं, हे त्या वाक्यावरून मला कळलं नाही.

आता नळाच्या दिवशी फोन आला की मी ग्रुपवर दोन शब्द टाकते, मोटर लावते, आणि मोटर चालू असतानाच ओळीच्या टोकापर्यंत जाऊन काकूंच्या दारावर थाप देते. थाप कशी द्यावी हे मला अजून नीट जमत नाही. कधी फार हळू होते, कधी दार हादरतं. आतून आवाज येतो, "जागीच हाये वं! कायले ठोकून राह्यली?" मी अंधारात उभी राहून त्या आवाजात चीड किती आणि बरं वाटणं किती, ते ओळखू पाहते. अजून एकदाही खात्रीनं ओळखता आलेलं नाही. आवाज आला, एवढं मात्र कळतं; आणि मी मागे फिरते.