चार उरले, जागा तीन

पत्ते मला कधीच नीट आले नाहीत. वाईट पानं आली की मी शहाण्यासारखा वागतो. पानं चांगली आली, की माझं डोकं चालेनासं होतं. हे मला आलापल्लीच्या पलीकडल्या जंगलात, एका सागाच्या डेपोवर कळलं. चांदा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि मी एका लाकूड ठेकेदाराकडे कारकून होतो. कारकून म्हणजे सकाळी ओंडके मोजायचे, दुपारी ओंडके मोजायचे आणि मधल्या वेळात ताप अंगावर काढायचा. हिवतापाच्या गोळ्या खाऊन कानात सतत काहीतरी वाजत असे. पहिल्या महिन्यात मला ते रातकिडे वाटले होते.

होळीच्या आसपास काम अगदी गळ्याशी आलेलं असे. तोड संपत आलेली, गाड्या भरायच्या, रस्ता कोरडा आहे तोवर माल बाहेर काढायचा. तरी ठेकेदार होळीला तीन माणसांना घरी सोडायचा. तीनच का, तर चांद्याला जाणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी दाटीवाटीनं तिघं मावत. मागं ओंडक्यांवर फक्त क्लीनर बसे, त्याला सवय होती. आम्ही मात्र दहा-बारा जण. आधी मॅनेजरसाहेब नावं ठरवायचे आणि मग वर्षभर कोणी त्यांच्याशी धड बोलायचं नाही. शेवटी कंटाळून त्यांनी पत्त्यांवर सोडलं.

खेळ तीन पत्तीचा. पैसे लावायचे नाहीत, सागाच्या चकत्या लावायच्या. पहिल्या वर्षी चिंचोके होते, पण चिंचेची झाडं डेपोच्या मागंच असल्यामुळे काही जणांचे चिंचोके संपतच नव्हते. तेव्हापासून प्रत्येक चकतीवर डेपोचा हातोडा मारलेला असे, ओंडक्यांवर जो ठसा मारतात तोच, आणि तो हातोडा साहेबांच्या ताब्यात. सगळ्यांना सारख्या चकत्या. ज्याच्या संपल्या तो उठला. तिघं उरले की खेळ बंद. पहिला कोण, दुसरा कोण, याला काही अर्थ नव्हता. ढीगभर चकत्या असलेला आणि एकच चकती उरलेला, दोघंही त्याच ट्रकमध्ये त्याच बाकावर बसणार. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा वाचतो आहे, कारण त्या दिवशी ते मला समजलेलं नव्हतं.

मला घरी जायचं होतं. सगळ्यांनाच जायचं होतं, पण माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यातले बहुतेक दिवस मी ओंडक्यांबरोबर काढले होते. दिवाळीला येतो म्हणालो होतो, गेलो नाही. संक्रांतीला दोन दिवस गेलो, तेव्हा निघताना म्हणालो, होळीला नक्की. बायको भांडली नाही, रडली नाही. "बरं," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. ते 'बरं' मला पुढं दोन महिने छळत होतं. आता मी गेलो नाही, तर माझ्या तोंडच्या शब्दाला त्या घरात काही किंमत उरणार नव्हती.

रविवारी जेवणं झाल्यावर डेपोच्या मांडवात बैठक बसली. उन्हानं पानं हातात वाकत होती. एकेक जण उठत गेला, उठताना पत्ते वाटणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार करत गेला. चार वाजायच्या सुमारास आम्ही चौघं उरलो. एक मापारी, फार सावध माणूस, लांबी-रुंदी दोनदा मोजल्याशिवाय जेवणाच्या पाटावरही न बसणारा. दुसरे स्टोअर सांभाळणारे चाचा. ते खेळायला बसले तेव्हा कोणीतरी कुरकुरलं, होळी आमची, तुमचं काय काम? चाचा पानं पिसत म्हणाले, "होळी तुमची राहू दे. घर तर माझं बी हाय ना."  तिसरा नाक्यावर गाड्यांची नोंद ठेवणारा नाकेदार, ज्याच्याकडे बसल्यापासून एकही डाव आला नव्हता. आणि चौथा मी. चाचांच्या खालोखाल माझा ढीग होता. आयुष्यात पहिल्यांदाच कशात तरी माझा दुसरा नंबर होता.

प्रत्येक डावाला आधी दोन चकत्या मध्ये टाकायच्या, त्याला बूट म्हणत. नाकेदाराकडे आणखी तीन डावांपुरतं बूट उरलं होतं. म्हणजे आम्ही तिघांनी हात बांधून बसायचं, पानं येतील तशी टाकायची, की तो आपोआप गळाला असता. मापारी तेच करत होता. पानं उचलायचा, नुसता वास घेतल्यासारखा बघायचा आणि टाकायचा.

आणि मला इस्पिकचे गुलाम, राणी, राजा आले.

तीन पत्तीत ओळीची आणि एकाच रंगाची पानं म्हणजे फार मोठा हात. त्याच्यावर फक्त तीन सारखी पानं. ती कोणाला येतात? मला तर आयुष्यात आली नव्हती. गेले कितीतरी डाव मी फाटकी पानं टाकून टाकून थकलो होतो, आणि आता राजा-राणी हातात असताना पुन्हा टाकायचं हे मला अपमानासारखं वाटलं. नाकेदारानं पानं टाकली, मापाऱ्यानं टाकली. मी चाल दिली. चाचांनी चाल दिली. मी दुप्पट केली.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला.

"बाबू, फेकून दे," ते म्हणाले.

मी हसलो.

"हसून काऊन राह्यला? मले चांगली पानं आली हायेत. तुले घरी जायचं हाय ना? मंग फेकून दे. त्याचं बूट संपूनच राह्यलं."

नाकेदार मान खाली घालून आपल्या चार चकत्या एकावर एक रचत होता.

आता पत्त्यात समोरचा माणूस खरं सांगतो, यावर कोण विश्वास ठेवेल? मला वाटलं, म्हातारा घाबरवतो आहे. मी मनातल्या मनात त्यांची कीव केली आणि आणखी चकत्या सरकवल्या. चाचांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. सांगायचं ते सांगून झालं होतं. मी वाढवत गेलो, ते भरत गेले, आणि माझ्यापुढची जमीन स्वच्छ झाली तेव्हा पानं उघडली.

चाचांकडे तीन दुर्र्या होत्या.

मापारी म्हणाला, "राजा-राणी घेऊन दुर्रीकडून मार खाल्ला, भाऊ." साहेबांनी तपकीर ओढली आणि झालं, तिघं ठरले, असं सांगून उठले. नाकेदार मात्र जागचा हलेना. त्यानं चार चकत्या मुठीत घट्ट धरल्या होत्या, कोणी परत मागेल अशा भीतीनं. मग माझ्याजवळ येऊन अगदी मनापासून म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस नाई, भाऊ." मी बरं, म्हणालो.

संध्याकाळी मी उगाच स्टोअरच्या आसपास घोटाळलो. चाचा आपली जागा मला देतील अशी एक आशा होती. खोटं कशाला बोलू, चांगलीच आशा होती. ते ट्रंक बांधत होते. मला बघून म्हणाले, दोरीचं हे टोक धर जरा. मी धरलं. ट्रंक घट्ट बांधून झाली. त्यांनी जागा दिली नाही, आणि का द्यावी? त्यांनी मला ती एकदा फुकट देऊन बघितली होती.

त्यांचं घर आमच्या घरापासून फार लांब नव्हतं. मी म्हटलं, घरी निरोप द्या, म्हणावं, ताप आला. चाचा म्हणाले, "ताप नाई सांगत. जे झालं ते सांगतो."

सकाळी ट्रक गेला. मी ओंडक्यांवर ठसे मारले. होळीच्या दिवशीही मारले. दुपारी आचाऱ्यानं गूळ घालून भात केला, त्यालाच आम्ही सण म्हटलं.

आठवड्यानं चाचा परतले. मी लगेच विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण ट्रकमधून त्यांचा पाय खाली टेकायच्या आत विचारलं.

"सांगितलं सगळं तुह्या बायकोले," ते म्हणाले. "चहा पाजला मले. पानं कोन्ती होती ते विचारलं."

"मग?"

"राजा-राणी म्हटलं. हसली थोडी. मंग विचारलं, पावसाळ्यात बी पत्ते वाटून सुट्टी देतेत काय. म्या म्हटलं, नाई, पावसाळ्यात डेपो बंदच राह्यते, सारेच घरी जातेत."

"मग?"

चाचांनी ट्रंक उतरवून घेतली.

"म्हने, मंग पावसाळ्यातच या म्हना."